रोग्याला विचारले का?

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी बाहेरून कोणी विदुषी येतात आणि आपण ऐकतो. यंदा चिटणीसबाईंनी असे ठरविले की आपल्यातल्याच एकीने बोलावे, आणि ते माझ्या वाट्याला आले. माझे शिक्षण सातवीपर्यंत, त्यानंतरचे सगळे चुलीपुढचे. तेव्हा मोठ्या भाषणाची अपेक्षा ठेवू नये. दुपारी ओट्यावर बसून आपण बोलतो तसेच मी बोलणार आहे. फक्त कागदावर लिहून आणले आहे, कारण समोर इतक्या ओळखीच्या बाया एकदम दिसल्या म्हणजे बोलायचे ते राहून जाते आणि भलतेच बोलले जाते.

विषय दवाखान्याचा आहे. औषधांचा नाही, दवाखान्यात काम करणाऱ्या माणसांचा. गेल्या वर्षी माझ्या सासूबाई अंगणात घसरल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शहरातल्या एका दवाखान्यात आम्ही १९ दिवस होतो. त्या दवाखान्याचे नाव मी घेणार नाही, आणि सभा संपल्यावर कोणी खाजगीत विचारू नये. सासूबाई आज काठी टेकत देवळापर्यंत जातात, हाड उत्तम बसले आहे. परंतु १९ दिवस खाटेजवळ बसून राहिलेल्या बाईला पुष्कळ दिसते. डॉक्टर दिवसातून दोनदा येतो, आपण चोवीस तास तेथे असतो.

तेथे जिन्याजवळ एक मोठा फलक होता. त्यावर लिहिले होते की रुग्णकेंद्रित सेवा हे आमचे ध्येय आहे. रुग्ण कळले, सेवा कळली, मधला शब्द कळेना. डबा घेऊन आलेल्या भाच्याला विचारले तर तो म्हणाला, "मामी, वर्तुळ काढताना कंपासचे टोक टेकवतो ना, तो केंद्र. म्हणजे रोगी मध्ये आणि बाकी सगळे त्याच्याभोवती." मी म्हटले, लग्नात नवरीसुद्धा मध्ये बसते. सगळे तिच्याभोवती फिरतात, तिला हळद लावतात, उठवतात, बसवतात, पण तुला भूक लागली का गं असे विचारणारी एखादीच निघते. तेव्हा नुसते मध्ये बसून काय होते?

पण शब्द डोक्यात राहिला. वेळ पुष्कळ होता. मग मी तेथे काम करणाऱ्यांनाच एकेक करून विचारू लागले की बाई, दादा, त्या पाटीवर लिहिले आहे त्याचा अर्थ तुम्ही काय करता? कोणी रागावले नाही. उलट एकदोघांना बरे वाटले असे दिसले.

रात्रपाळीच्या सिस्टरबाई म्हणाल्या की रोग्याला सगळे वेळेवर मिळाले पाहिजे. औषध, इंजेक्शन, सलाइन, ताप पाहणे, रक्तदाब पाहणे, एकही चुकता कामा नये. हे त्या खरोखर करीत. तीस खाटांच्या वॉर्डात रात्री त्या एकट्या आणि एक आयाबाई, अशा दोघीच. मी त्यांना रात्री बसलेले फार थोडे पाहिले.

तरुण डॉक्टरसाहेब होते, आमच्या मुलापेक्षा चार वर्षांनी मोठे असतील. ते म्हणाले की ज्याला जो उपचार योग्य तोच त्याला द्यायचा, सगळ्यांना एकच नाही; आणि शस्त्रक्रियेआधी समजावून सांगून सही घ्यायची. सही ते न चुकता घेत. समजावून सांगणे मात्र सही करण्याच्या टेबलाजवळ, उभ्याउभ्या, आमच्या घरच्यांना झाले. ज्यांचा पाय कापून आत सळई बसवायची त्या आतल्या खाटेवर होत्या. डॉक्टरसाहेबांचा हेतू वाईट नव्हता. सही झाली म्हणजे सांगून झाले, असे त्यांच्या मनात पक्के होते.

चिठ्ठी फाडणाऱ्या खिडकीवरच्या दादांनी सांगितले की गोड बोलायचे, नमस्कार करायचा, तक्रार येऊ द्यायची नाही. त्यांचे म्हणे एक दिवसाचे शिक्षण झाले होते आणि त्यात हे सांगितले होते. ते नमस्कार फार छान करीत. पण कोणती खिडकी बंद आणि कोणती उघडी हे विचारले की हाताने दिशा दाखवीत.

आयाबाई म्हणाल्या, "आपल्या मायले जसं करू तसंच करावं, अजून काय?" हे उत्तर मला सगळ्यांत आवडले, आणि त्याच उत्तराचा मी पुढे सगळ्यांत जास्त विचार केला. त्याबद्दल नंतर सांगते.

शेवटी फरशी पुसायला येणारी बाई. तिला विचारायचे तसे कोणाच्या मनात येत नाही. ती खाली बसून फडके पिळत होती. म्हणाली, "मले तं सगळे विचारतात वो बाई. डॉक्टर कवा येईन, मले सुट्टी कवा देईन, माह्या पोटात काय निंगालं. मी काय सांगू? पण मी थांबतो, आयकतो." भगिनींनो, हे असे का असेल? मी पाहत बसले तेव्हा कळले. डॉक्टर उभे असतात, सिस्टर उभ्या असतात, हातात काही तरी असते, नजर पुढच्या खाटेकडे असते. फरशी पुसणारी बाई तेवढी खाटेच्या उंचीवर बसलेली असते. निजलेल्या माणसाला तिचा चेहरा समोर दिसतो. म्हणून तीसही रोगी आपला प्रश्न तिलाच विचारतात, आणि उत्तर देण्याचा अधिकार तेवढा तिला नसतो.

आता ही पाच उत्तरे जवळजवळ ठेवून पाहा. वेळेवर द्यावे, योग्य ते करावे, गोड बोलावे, मायेने करावे. सगळी चांगली आहेत. पण पहिल्या चौघांनी आपण काय करतो ते सांगितले. रोगी काय म्हणतो, हे फक्त पाचवीच्या बोलण्यात आले.

याचा परिणाम काय होतो ते सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे जण स्ट्रेचर घेऊन आले आणि सासूबाईंना उचलून घेऊन निघाले. एक्स-रे काढायचा होता, इतकेच. सासूबाई विचारीत होत्या, "मले कुठी नेऊन रायले जी?" एकदा विचारले, दोनदा विचारले. ते दोघे आपसांत लिफ्ट बंद असल्याचे बोलत होते. सासूबाईंनी दाराची चौकट दोन्ही हातांनी अशी धरली की सोडविता सोडविता पुरेवाट झाली. मग कागदावर काय लिहिले गेले असेल? म्हातारी त्रास देते. "आजी, फोटो काढायला जाऊ, आत्ता परत येऊ" एवढे सांगायला किती वेळ लागतो? तुम्ही मनात म्हणून पाहा. चौकट सोडवायला त्याच्या दसपट गेला.

शेजारच्या खाटेवर जिवतीच्या डोंगरावरची एक कोलाम बाई होती. तिला मराठी थोडे समजे, बोलता येत नसे. तिला जेवणाआधीची गोळी आणि नंतरची गोळी समजावून सांगताना एक सिस्टर मराठीतच सांगत होती. तिला कळले नाही असे पाहून तिने तेच पुन्हा मोठ्याने सांगितले, मग आणखी मोठ्याने. सारा वॉर्ड ऐकत होता. आवाज वाढविल्याने कोलामीचे मराठी होत नाही. आपल्या गडचांदुरात हे वेगळे सांगायला नको. कारखान्यांमुळे येथे दहा मुलखांची माणसे आली. बाजाराच्या दिवशी गोंडी, कोलामी, लमाणी, तेलुगू, हिंदी अशा सगळ्या भाषा एका भाजीच्या पालाजवळ ऐकू येतात, आणि भाजीवाली सगळ्यांना भाव सांगते. तिला कोणी शिकविले नाही. तिला माल विकायचा असतो.

आता तुम्ही म्हणाल की ही नुसती तक्रार झाली. तसे नाही. त्याच वॉर्डात मी जे चांगले पाहिले तेही सांगते.

पायाला वजन बांधले होते आणि सासूबाईंना तीन रात्री झोप नव्हती. झोपेची गोळी लिहून झाली होती. चौथ्या रात्री दुसऱ्या सिस्टरबाई आल्या. त्यांनी गोळी हातात घेतली, पण देण्याआधी विचारले, "आजी, झोप का बरं येत नाही? पाय दुखते का?" सासूबाई म्हणाल्या, "पाय नाही दुखत वो. माहं डोस्कं उत्तरेकडे केलं तुम्ही." आपल्याकडे उत्तरेला डोके मेलेल्याचे करतात हे तुम्हांला ठाऊकच आहे. सिस्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी वॉर्डबॉयला हाक मारली, खाटेच्या चाकांची खीळ काढली आणि पायाच्या वजनासकट अख्खी खाट फिरवून घेतली. फार तर पाच मिनिटे लागली असतील. सासूबाई गोळी न घेता पहाटेपर्यंत झोपल्या.

मी त्यांना दुसऱ्या दिवशी विचारले की हे तुम्हांला सुचले कसे? त्या म्हणाल्या, "मला काही सुचले नाही, आजींनी सांगितले."

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर आपल्या शेजारच्या जिल्ह्यात घडलेली आहे. गडचिरोली आता वेगळा जिल्हा आहे, पण १९८२ पर्यंत तो आपल्या चंद्रपुरातच होता. तेथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे १९८६ पासून काम करीत आले आहेत. दोघेही अमेरिकेत शिकून आलेले. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाताना चातगावाजवळ त्यांचे शोधग्राम आहे. आदिवासींसाठी दवाखाना बांधायचा तेव्हा त्यांनी आधी गावोगावच्या लोकांनाच विचारले की तुम्ही दवाखान्यात का येत नाही, आणि तुम्हांला दवाखाना कसा हवा?

त्यावर लोकांनी जे सांगितले ते डॉ. बंग यांनी अनेक व्याख्यानांतून सांगितले आहे. मोठमोठ्या इमारतींत आम्ही हरवून जातो. आमची भाषा तेथे कोणी बोलत नाही. नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत. तेथे देव नाही. आणि डॉक्टर, नर्सा पांढरे कपडे घालतात. पांढरे तर आम्ही मेलेल्याला गुंडाळतो, मग असे कपडे घातलेली माणसे आम्हांला कशी जगविणार?

हे ऐकून ज्यांना हसू येईल त्यांनी २०२० साल आठवावे. करोनाच्या वेळी आपलेच आप्त आत होते आणि डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात गुंडाळलेली, चेहरा न दिसणारी माणसे त्यांच्याभोवती फिरत होती. तेव्हा ज्यांची छाती धडधडली त्या काही जंगलातल्या अडाणी बाया नव्हत्या. पुष्कळ ठिकाणी त्या डॉक्टर-नर्सांनी पोशाखावर पेनाने आपले नाव लिहून घेतले होते, म्हणजे आत कोण आहे ते रोग्याला कळावे. नाव वाचले की भीती अर्धी होते.

तर शोधग्रामात लोकांच्या सांगण्याप्रमाणे दवाखाना झाला. मोठी इमारत नाही. आदिवासी गावातल्या घरांसारख्या झोपड्या, त्यांत रोगी आणि त्याची माणसे एकत्र राहतात. दवाखान्याला नाव त्यांच्या देवीचे, माँ दंतेश्वरी दवाखाना. देवीची जत्रा भरते, आणि जमलेली गावे आरोग्याच्या कोणत्या प्रश्नावर काम व्हावे हेसुद्धा तेथे बोलतात. डॉक्टर हुशार नव्हते म्हणून विचारले असे नाही. एवढे शिकलेली माणसे, त्यांना काय कळत नव्हते? पण पांढऱ्या कपड्याची गोष्ट अमेरिकेतल्या कोणत्या पुस्तकात सापडली असती?

भामरागडकडे हेमलकसाला २३ डिसेंबर १९७३ पासून डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांचे काम सुरू झाले. आपल्याच जिल्ह्यातल्या आनंदवनाच्या बाबा आमट्यांचे हे मुलगा-सून. आधी लोक येतच ना. मग हे दोघे माडिया भाषा शिकले. येणाऱ्यांच्या अंगावर पुरते कपडे नसत, म्हणून प्रकाशभाऊंनी आपला पोशाख अर्धी चड्डी आणि बनियन एवढाच ठेवला. २००८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तोवर उभा महाराष्ट्र त्यांना त्या पोशाखात ओळखत होता. आपल्या शहरातल्या डॉक्टरांनी बनियनवर यावे असे माझे मुळीच म्हणणे नाही! कोणापुढे बसायचे आहे ते पाहून त्यांनी कपडे ठरविले, एवढेच मला घ्यायचे आहे.

आता जे सांगणार आहे ते आपल्या बायांचे आहे, म्हणून थोडे हळू वाचते. राणीताई बंग यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांतल्या ६५० बायांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली विलायतेच्या लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आला. त्यांत १०० पैकी ९२ बायांना अंगावर जाणे, पाळीचा त्रास, सूज असा काही ना काही स्त्रियांचा आजार निघाला. आणि त्याआधी त्यासाठी डॉक्टरची तपासणी झालेल्या बाया होत्या १०० पैकी ८. म्हणजे बाकीच्या दुखणे अंगावर काढीत शेतात जात होत्या, पाणी भरीत होत्या, पोरे वाढवीत होत्या. त्या का गेल्या नाहीत याचे उत्तर येथे बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. पडदा नसलेल्या टेबलावर, दार उघडे-मिटत असताना, कोण आत येईल याचा भरवसा नसताना, काय होते असे चार माणसांत विचारल्यावर कोणती बाई सांगेल? ती म्हणते कंबर दुखते. कंबरेचे मलम घेऊन ती घरी येते. असे एकदा झाले की ती पुन्हा जात नाही, आणि आपल्या सुनेलाही पाठवीत नाही. म्हणून ही गोष्ट नुसत्या गोड बोलण्याची नाही. विचारण्याची रीत चुकली की रोगच सापडत नाही.

त्याच गडचिरोलीत बाळंतिणीला आणि तान्ह्या बाळाला घराबाहेर काढीत नाहीत, हे पाहून बंग मंडळींनी बाळाची सेवाच घरी नेली. ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या बायांना शिकविले, म्हणजे माझ्याएवढ्याच शिकलेल्या म्हणा ना. तीन वर्षांत तेथले नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. हेही १९९९ साली छापून आले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येऊन बाळ पाहून जाते, त्याचे मूळ या कामात आहे.

आता कर्मचाऱ्यांच्या बाजूनेही बोलले पाहिजे, नाही तर मी खोटी पडेन. ज्या सिस्टरबाईंनी खाट फिरविली त्यांना मी म्हटले की सगळ्यांनीच असे का करू नये? त्यांनी मला खाटेला अडकविलेला तक्ता दाखविला. तापाचा रकाना, नाडीचा रकाना, लघवी किती झाली त्याचा, औषध दिल्याची सही करण्याचा. त्या म्हणाल्या, "बाई, ज्याचा रकाना आहे ते राहिले तर मला विचारतात. आजींचे डोके कुठे होते याचा रकाना नाही. ते केले तर कोणी पाहत नाही, नाही केले तरी कोणी पाहत नाही." मला हे फार पटले. आपल्याकडेही हिशेबाच्या वहीत जे लिहावे लागते तेच वेळेवर होते. पुढे त्या आणखी एक म्हणाल्या. "रोग्याला विचारा असे आम्हांला सांगतात. आम्हांला कोण विचारते? सलग रात्रपाळ्या लागल्या, घरी पोर तापाने फणफणते आहे, विचारले का कोणी?" ज्याला कोणी विचारीत नाही त्याने दुसऱ्याला कोणत्या मनाने विचारावे, याचे उत्तर मला त्या वेळी सुचले नाही आणि आजही सुचत नाही.

विचारणे म्हणजे मागेल ते देणे, असा कोणी अर्थ करू नये. शस्त्रक्रियेच्या दिवशी सासूबाई पाणी मागत होत्या. पाणी देता येत नव्हते, पोटात काही असले तर भूल दिल्यावर ते उलटून श्वासात जाते. एक आयाबाई नुसत्या नाही, नाही म्हणून गेल्या. दुसरीने कारण सांगितले आणि ओला कापूस ओठांना लावला. पाणी दोघींनीही दिले नाही. पण दुसरीवर सासूबाई रागावल्या नाहीत.

आणि आता "आपल्या मायले जसं करू तसं" म्हणणाऱ्या आयाबाईंकडे येते. समोरच्या खाटेवर एक आजीबाई होत्या, त्यांच्या दोन सुना, एक लेक, दोन मुलगे, सगळी मायेची माणसे. डॉक्टर आजीला विचारीत, "जेवलात का?" उत्तर सून देई. "दुखते का?" उत्तर लेक देई. "घरी जायचे का?" मुलगा म्हणे, "नाही साहेब, अजून दोन दिवस राहू द्या." आजी एकाकडून दुसऱ्याकडे पाहत राही. चौथ्या दिवसापासून डॉक्टरांनी आजीकडे पाहणे सोडले आणि सरळ मुलाकडे पाहून बोलू लागले. त्यात डॉक्टरांचा तरी काय दोष? आपण घरात आपल्या मायेला मायेनेच वाढतो, निजवतो, औषध पाजतो, पण तिला विचारून किती करतो? तेव्हा आयाबाईंनी मायेसारखे करायचे ठरविले तर त्याही तसेच करणार. माया आणि विचारणे ही एकच वस्तू नव्हे. माया पुष्कळ घरांत असते.

घरी सोडण्याच्या दिवशीची एक गोष्ट सांगून मग कामाकडे वळते. गोळ्या कशा द्यायच्या, पाय किती वाकवायचा, मांडी घालायची नाही, उकिडवे बसायचे नाही, हे सगळे बाहेरच्या बोळात आमच्या घरच्यांना सांगितले गेले, आणि कागद इंग्रजीत. आमच्या घरचे कारखान्यात पाळीवर जातात. गोळ्या मी देणार, उठवून मीच बसविणार. मी बोळात गेले आणि म्हटले, साहेब, हे मला पुन्हा सांगा, मराठीत, आणि आत येऊन आजींच्या समोर सांगा. तरुण डॉक्टरसाहेब आले. खाटेच्या कडेला बसले. पहिल्यांदाच बसले. सासूबाईंनी त्यांना विचारले, "मले दळण दळता येईन का जी?" घरी जाते कधीच राहिले नाही, हे डॉक्टरांना ठाऊक नव्हते. ते गंभीरपणे म्हणाले, "तीन महिने नको, आजी." सासूबाईंचा चेहरा इतका खुलला! १९ दिवसांत त्यांच्या प्रश्नाला मिळालेले डॉक्टरांचे ते पहिले उत्तर होते.

आता आपण काय करू शकतो ते. काही गोष्टी कागदावर आधीच आपल्या बाजूच्या आहेत, त्या माहीत असाव्यात. २०१६ साली केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यांत बाळंतपणाच्या वेळी बाईजवळ एक सोबतीण राहू द्यावी असे ठरविले. ही सोबतीण स्वतः बाळंतपण झालेली असावी, तिला काही संसर्गाचा रोग नसावा, कपडे स्वच्छ असावेत, तिने शेवटपर्यंत थांबावे आणि डॉक्टर-सिस्टरच्या कामात लुडबुड करू नये. शेवटची अट आपल्यातल्या काहींना जड जाईल, पण ती आहे. तसेच राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली रुग्णांच्या हक्कांची सनद तयार केली. आणि २०२१ साली महाराष्ट्र सरकारने खाजगी दवाखान्यांच्या नियमांतही अशी सनद घातली. आजार काय, उपचार काय, खर्च किती हे रोग्याला कळणे, त्याचे कागद त्याला मिळणे, आणि पुरुष डॉक्टर बाईला तपासताना दुसरी बाई जवळ असणे, हे मागणे म्हणजे भांडण नव्हे. शांतपणे म्हणावे, "एक बाई जवळ असू द्या." बहुतेक जण ऐकतात.

गेल्या महिन्याच्या बैठकीत आपण ठरविले की मंडळाने सोबतिणींची एक यादी करावी. कोणाच्या घरी बाळंतपण असेल, कोणी एकटी तपासायला जायला लाजत असेल, कोणाला राजुऱ्याला किंवा चंद्रपूरला जायचे असेल, तर यादीतल्या बाईने बरोबर जावे. तिने रोग्याच्या वतीने उत्तरे द्यायची नाहीत. रोगी आतल्या आत विचारतो तो प्रश्न मोठ्याने विचारण्याइतका धीर त्याला द्यायचा, आणि जे सांगितले ते लक्षात ठेवून घरी पुन्हा सांगायचे. येथल्या दवाखान्यातल्या दोघी सिस्टरबाईंनाही आपण त्यासाठी एका दुपारी बोलावणार आहोत. त्यांना आधी चहा द्यावा, आणि त्यांचे काय अडते ते त्यांनाच पहिल्यांदा बोलू द्यावे, अशी माझी सूचना आहे.

यादी आज चिटणीसबाईंच्या टेबलावर आहे. आतापर्यंत अकरा नावे आली आहेत. तेलुगू येणाऱ्या चौघी आहेत, गोंडी येणाऱ्या दोघी, लमाणी येणारी एक. कोलामी येणारी अजून एकही मिळाली नाही. कोणाच्या ओळखीची असेल तर अल्पोपाहाराला जाण्यापूर्वी सांगावे.